जुना कॅमवर चालणारा ऑटोमॅटिक लेथ: पारखायचा कसा, किंमत ठरवायची कशी

जुना ऑटोमॅटिक लेथ बघायला गेलेला माणूस सहसा नेमप्लेट वाचतो, रंग बघतो, स्पिंडल (धातूचा बार धरून फिरवणारा मुख्य आस) हाताने फिरवतो आणि मनात एक आकडा धरून परततो. मशीनच्या मागे, भिंतीला लावून ठेवलेल्या पेट्या उघडायचं राहून जातं. माझ्या मते तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी. गाइड बुश (बारला टूलजवळ आधार देणारी नळी), कॉलेट (बार पकडणारी चिमटी), चेंज गिअर (वेग बदलायचे सुटे गिअर), आटे पाडायची अटॅचमेंट, कॅमची (टूलच्या हालचाली ठरवणाऱ्या चकत्यांची) गणितं मांडलेले कागद, हा संसार जागेवर असेल तर थोडं झिजलेलं मशीनही कामाला लागतं. तो नसेल, तर बेड कितीही चांगला असो, पहिला धड जॉब, म्हणजे तयार भाग, निघेपर्यंत मशीनच्या किमतीहून जास्त खर्च होऊन बसतो.

पण पेटीत काय असायला हवं हे कळण्यासाठी मशीन चालतं कसं ते आधी समजून घ्यावं लागेल.

आधी जात ओळखा

‘जुना प्रिसिजन लेथ’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकायला येतात. एक म्हणजे टूलरूम लेथ: शाऊब्लिन १०२ किंवा हार्डिंज एचएलव्ही-एच यांसारखा. ही उत्तम मशीनं, पण प्रत्येक जॉब माणसाच्या हातून होतो. दुसरा ऑटोमॅटिक. एकदा सेटिंग झालं की बार पुढे सरकवणं, कातणं, भोक पाडणं, आटे पाडणं आणि जॉब तोडून खाली टाकणं हे सगळं तो स्वतः करतो. हा लेख या दुसऱ्याबद्दल आहे. हौशी कारागिराला एखादा सुटा भाग बनवायचा असेल तर त्याने ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊ नये. दहा नग काढायला या मशीनइतकं गैरसोयीचं दुसरं काही नाही.

ऑटोमॅटिकमध्येही तीन घराणी आहेत. पहिलं टरेटवालं (टरेट म्हणजे अनेक टूल बसवलेलं फिरतं डोकं) किंवा स्थिर हेडस्टॉकचं (हेडस्टॉक म्हणजे स्पिंडल बसवलेला भाग). अमेरिकेत क्रिस्टोफर स्पेन्सर याने १८७३ मध्ये अशा लेथचं पेटंट घेतलं. रिपीटिंग रायफल बनवणारा तो हाच स्पेन्सर. पिंपावर पट्ट्या बसवून टूलच्या हालचाली ठरवायच्या, ही त्याची मूळ कल्पना. गंमत अशी की पेटंटच्या मागणीत नेमका हाच भाग नीट संरक्षित झाला नाही आणि इतरांनी तो बिनदिक्कत उचलला. ब्राउन अँड शार्प, इंडेक्स, ट्रॉब ही याच पठडीतली पुढची नावं.

दुसरं घराणं स्विस. घड्याळातले बारीक स्क्रू आणि आस यांसाठी १८७० च्या दशकात याकोब श्वायत्सर याने सरकत्या हेडस्टॉकचा लेथ तयार केला. १८८० च्या सुमारास निकोला युंकर याने मूतिए या गावात तो धंदा रुजवला. पुढे टॉर्नोस, बेक्लर आणि पेटरमान या तिन्ही कंपन्या त्याच छोट्या गावात वाढल्या, एकमेकींशी स्पर्धा करत राहिल्या आणि शेवटी एकाच छताखाली आल्या. तिसरं घराणं मल्टीस्पिंडलचं: आक्मे-ग्रिडली, विकमन, शुटे. चार, सहा, आठ स्पिंडल एकाच वेळी काम करतात. लाखांच्या उत्पादनासाठी ती बेजोड आहेत, पण वजन आणि सेटिंगचा व्याप बघता एकट्यादुकट्या खरेदीदाराने लांबूनच नमस्कार केलेला बरा.

मॉडेलच्या नावातला आकडा बहुतेकदा जास्तीत जास्त किती मिलिमीटर व्यासाचा बार चालतो ते सांगतो. ट्रॉब ए-२५ म्हणजे २५, टॉर्नोस एम-७ म्हणजे ७, आर-१० म्हणजे १०. तरी आकड्यावर विसंबू नका. स्पिंडलमध्ये बसवलेला कॉलेट आणि पेटीतला सगळ्यात मोठा कॉलेट बघून खात्री करा. सीरियल नंबर नेमप्लेटवरचा आणि बेडवर ठोकलेला, दोन्ही टिपून घ्या. ते जुळत नसतील तर मशीन दोन मशीनच्या भागांतून जुळवलेलं असू शकतं.

एक फेरा, एक जॉब

कॅमवरच्या ऑटोमॅटिकचं सगळं डोकं एका शाफ्टवर असतं. कॅमशाफ्टचा एक फेरा झाला की एक जॉब पूर्ण होतो. त्या शाफ्टवर चकत्यांसारखे कॅम बसवलेले असतात. कॅमच्या कडेवरून फॉलोअर सरकतो, फॉलोअरमुळे लिव्हर हलतो आणि लिव्हर टूलची स्लाइड ढकलतो. कॅमची कड हळूहळू चढत असेल तर टूल कापत जातं, कड सपाट म्हणजे वर्तुळाकार असेल तर टूल जागेवर थांबतं, कड एकदम उतरली की स्प्रिंग टूलला झटकन मागे खेचते. बऱ्याच मशीनमध्ये लिव्हरचं प्रमाण बदलता येतं. त्यामुळे कॅमवर ३ मिमी चढ असेल आणि प्रमाण तीनास एक ठेवलं, तर टूल १ मिमी सरकतं. कॅम कापताना झालेली चूकही त्याच प्रमाणात लहान होते. सॉफ्टवेअर नसलेल्या काळात मायक्रॉनमध्ये माप धरायची ही साधी युक्ती होती.

स्विस पद्धतीत आणखी एक गोष्ट येते आणि तिच्यासाठीच या मशीनला इतका मान आहे. इथे टूल लांबीच्या दिशेने सरकत नाही; बार पकडून हेडस्टॉकच पुढे सरकतो. बार समोरच्या गाइड बुशमधून बाहेर येतो आणि टूल बुशच्या तोंडापासून एक-दोन मिलिमीटरवर कापतं. याचा फायदा आकड्यांत बघा. ३ मिमी व्यासाचा स्टीलचा बार, त्यावर कापताना २० न्यूटन जोर. आधारापासून ३० मिमी बाहेर असेल तर तो साधारण ०.२२ मिमी वाकतो. तोच जोर २ मिमीवर पडला तर गणिताने येणारा वाक मायक्रॉनच्याही दहाव्या भागापेक्षा कमी आहे, कारण वाक लांबीच्या घनाने वाढतो. प्रत्यक्षात बुशमधली फट आणि मशीनची लवचीकता त्यात मिळवावी लागते, तरी फरक प्रचंडच राहतो. बारीक, लांब जॉब चकवर धरून कातताना घाम फुटतो आणि स्विस ऑटोमॅटिकवर तो सहज निघतो, याचं कारण एवढंच.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. बार बुशमध्ये जवळजवळ फट न ठेवता फिरायला हवा, म्हणून बार ग्राइंड केलेला आणि पूर्ण लांबीभर एकसारख्या व्यासाचा लागतो. साधा ओढलेला बार घातला तर कुठे अडकेल, कुठे खडखडेल, आणि जॉबची गोलाई बिघडेल. शिवाय प्रत्येक बारचा शेवटचा तुकडा, म्हणजे कॉलेट ते बुश एवढं अंतर, वाया जातो. महागडा धातू असेल तर हा तुकडा हिशेबात धरायलाच हवा.

गाइड बुशभोवती टूल पंख्यासारखी रचलेली असतात, सहसा पाच. त्यातली दोन एकाच डोलणाऱ्या रॉकरवर असतात: रॉकर एका बाजूला झुकला की एक टूल आत जातं, दुसऱ्या बाजूला झुकला की दुसरं. दोन्ही एकाच कॅमवर चालतात. रॉकर एकाच आसावर फिरत असल्याने त्यावरची टूल अचूक व्यासासाठी वापरली जातात. बाकीची तीन फॉर्मिंग (आकार देणं), चॅम्फर (कड तिरपी करणं) आणि पार्टिंग (जॉब तोडणं) यांसाठी. हे लक्षात ठेवा, कारण तपासणीत रॉकरचा आस हा पहिल्या दोन-तीन संशयितांपैकी एक आहे.

आटे पाडण्याची रीतही बघण्यासारखी आहे. हजारोंच्या वेगाने फिरणारा स्पिंडल प्रत्येक जॉबला थांबवून उलटा फिरवणं परवडत नाही. म्हणून डाय (बाहेरचे आटे पाडणारं टूल) किंवा टॅपही (आतले आटे पाडणारं) त्याच दिशेने फिरवतात, फक्त थोड्या वेगळ्या वेगाने. स्पिंडल ६००० फेऱ्यांवर आणि डाय ५४०० वर असेल तर आटे पाडायचा खरा वेग मिनिटाला ६०० फेरे. काम झालं की अटॅचमेंट डायचा वेग बदलते, फरक उलटा होतो आणि डाय बाहेर निघते. ही अटॅचमेंट हरवलेली असेल तर स्क्रू बनवायचं मशीन स्क्रू बनवू शकत नाही.

आता सायकल टाइम. समजा एका जॉबच्या कापण्याला स्पिंडलचे ९०० फेरे लागतात आणि स्पिंडल ६००० वर आहे. म्हणजे कापायला ९ सेकंद. कॅमच्या ३६० अंशांपैकी २७० अंश कापण्यात आणि ९० अंश बार उघडणं, सरकणं, टूल मागे येणं यांत जात असतील, तर पूर्ण फेरा १२ सेकंदांचा. तासाला ३०० जॉब. हे १२ सेकंद मशीनला चेंज गिअर बदलून सांगतात. गिअरचा संच अर्धवट असेल तर हवा तो वेळ मिळत नाही. मग सगळे कॅम नव्याने मांडा, नाहीतर मशीन संथ चालवा.

निघण्यापूर्वी

विक्रेत्याला चार प्रश्न फोनवरच विचारा. मशीन शेवटचं कधी चाललं? आत्ता वीज जोडलेली आहे का? मॅन्युअल आणि पेट्या आहेत का? ते शेवटी कोणता जॉब काढत होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. वर्षानुवर्षं पितळेचे भाग काढलेलं मशीन आणि स्टेनलेस किंवा टायटॅनियमवर राबलेलं मशीन यांच्या झिजेत मोठा फरक पडतो. एकाच लांबीचा जॉब आयुष्यभर काढला असेल, तर हेडस्टॉकची स्लाइड नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात खाल्ली गेलेली असणार.

सोबत न्या: एक मायक्रॉन वाचणारा डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) आणि चुंबकीय स्टँड, एक मायक्रॉनचा मायक्रोमीटर, मशीनच्या क्षमतेत बसणारी ग्राइंड केलेली सरळ टेस्ट रॉड, टॉर्च, चिंध्या. आणि शक्य असेल तर ज्याने आयुष्यभर कॅमची सेटिंग केली आहे असा एखादा निवृत्त सेटर. त्याचे कान तुमच्या डायलला मागे टाकतील.

मशीनसमोर

पोचल्यावर मोटरला हात लावून बघा. गरम असेल तर विक्रेत्याने आधीच मशीन तापवून ठेवलं आहे. हेतू वाईट असेलच असं नाही, पण थंड सुरुवातीचा आवाज तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

मग वीज बंद ठेवून कॅमशाफ्ट हाताने फिरवा. त्यासाठी मशीनला हाताचा दांडा किंवा चाक असतं. पूर्ण एक फेरा, सावकाश. कुठे जड जातं, कुठे एकदम सैल सुटतं, कुठला लिव्हर अडखळतो ते हाताला कळतं. चढावर जड जाणं साहजिक आहे; सपाट भागावर जड गेलं तर शंका घ्या. जुनं सेटिंग बिघडलेलं असेल तर दोन टूल एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून हा हाताचा फेरा झाल्याशिवाय मोटर चालू करू देऊ नका, विक्रेता कितीही घाईत असला तरी.

दांडा मागे-पुढे हलवून कॅमशाफ्टच्या वर्म (मळसूत्री गिअर) आणि वर्मव्हील (त्याने फिरणारं चाक) यांमधला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, बघा. थोडा असतोच. कॅमच्या चढावर हा प्ले एका बाजूला दाबलेला राहतो, पण एखादा जोरदार स्प्रिंग उतारावर कॅमला पुढे ढकलतो तेव्हा शाफ्ट उडी मारतो आणि टूलच्या वेळा चुकतात. फॉलोअरची टोकं टॉर्चने बघा: गोलाई शाबूत हवी, सपाट घासलेलं टोक कॅमचा आकार नीट वाचत नाही. फॉलोअर बदलणं स्वस्तातलं काम आहे, वर्मव्हील नव्याने कापून घेणं तसं नाही.

यापुढे काय आधी तपासायचं हे घराण्यावर अवलंबून आहे आणि इथे बरेच जण गल्लत करतात. स्थिर हेडस्टॉकच्या लेथमध्ये स्पिंडल हाच राजा. त्याच्या आतल्या टेपरवर (निमुळत्या भोकावर) डायल लावा. रनआउट (फिरताना होणारी डगमग) पाच मायक्रॉनच्या आत असेल तर मशीन उत्तम जपलेलं आहे. स्पिंडल पुढे-मागे ओढून अक्षाच्या दिशेचा प्लेही बघा. त्यानंतर टरेट: प्रत्येक स्टेशनवर ते लॉक झाल्यावर हाताने वळवून बघा, जरासुद्धा हलता कामा नये. स्विस मशीनमध्ये मात्र बार बुशमध्ये टेकून फिरतो. म्हणून व्यासाची अचूकता मुख्यतः बुश आणि टूल स्लाइड ठरवतात, स्पिंडलच्या बेअरिंगचा वाटा त्या मानाने कमी. स्पिंडलचं एखादं बारीक दुखणं तिथे खपून जातं. बुशचा होल्डर वाकडा असेल तर काहीच खपत नाही.

म्हणून स्विस मशीनमध्ये डायल स्पिंडलला बांधा, टोक बुश होल्डरच्या भोकाच्या आतल्या भिंतीला लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. डायलवर ०.०२ मिमी फरक दिसला तर दोन आसांमधलं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे ०.०१ मिमी आहे. तेवढं ठीक. हेडस्टॉक पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, दोन्ही ठिकाणी हे माप घ्या. दोन मापं वेगळी आली तर स्लाइड झिजली आहे किंवा आसाला समांतर राहिलेली नाही. टेस्ट रॉड कॉलेटमध्ये धरून, डायल बेडवर ठेवून हेडस्टॉक सरकवला की तीच झीज दुसऱ्या बाजूने पडताळता येते. शेवटी रॉकर आणि प्रत्येक टूल स्लाइड: डायल टूल होल्डरला लावा आणि हाताने ढकला-ओढा. गिब (स्लाइडची फट भरणारी पट्टी) आवळून जाणारा प्ले ही अडचण नव्हे. गिब आवळल्यावर मध्यभागी सैल आणि टोकांना घट्ट होत असेल तर मात्र स्लाइड स्क्रॅप करून, म्हणजे हाताने खरवडून पुन्हा सपाट करून, घ्यावी लागणार.

रंगाबद्दल एक सावधगिरी. ताजा चकचकीत रंग मारलेलं मशीन मला तेलकट, काळवंडलेल्या मशीनपेक्षा जास्त संशयास्पद वाटतं. जुन्या तेलाचा थर लोखंड जपतो. नवा रंग भेगा आणि वेल्डिंग झाकतो. बेडवर अर्धचंद्राच्या आकाराच्या सुंदर खुणा दिसल्या तर भाळू नका. त्या स्क्रॅपिंगच्या असू शकतात, तशाच झिजलेल्या बेडवर नंतर हौसेने उठवलेल्याही. स्लाइड कधीच न पोचणारा बेडचा टोकाचा भाग शोधा आणि रोज घासल्या जाणाऱ्या भागाशी त्याची उंची डायलने ताडून बघा. खरं उत्तर तिथे मिळतं.

आता मोटर. आधी जॉबशिवाय, कमी वेगावर. मग हळूहळू पूर्ण वेगावर अर्धा तास. हेडस्टॉकला हात लावून ठेवता आला पाहिजे. हात ठेववत नसेल तर बेअरिंगचं प्रीलोड (आधीच दिलेला दाब), तेल किंवा बेअरिंगच गडबडलेलं आहे. तेल सगळीकडे पोचतंय का तेही याच वेळी बघा. बारीक नळ्या वर्षानुवर्षं बुजलेल्या असतात आणि नेमक्या त्याच नळीच्या टोकाची स्लाइड खाल्लेली असते.

पन्नास जॉब मागा

मशीन सेटिंगसकट चालू असेल तर विक्रेत्याकडे एकच हट्ट धरा: सलग पन्नास जॉब. ते डब्यात एकत्र पडू देऊ नका. निघतील त्या क्रमाने ट्रेमध्ये मांडा. मग प्रत्येकाचा व्यास आणि लांबी मोजून क्रमाने लिहून काढा.

समजा व्यास ३.००० मिमी हवा आहे. पहिले काही २.९९९, नंतर ३.०००, ३.००१, शेवटी ३.००३ असा हळूहळू सरकत गेला, तर मशीन तापतंय किंवा टूल झिजतंय. दोन्हींवर इलाज आहे. पण २.९९५, लगेच ३.००६, मग २.९९९ अशी उडी दिसली तर कुठेतरी काहीतरी सैल आहे: रॉकरचा आस, बुश, नाहीतर कॉलेट. लांबी उड्या मारते आणि व्यास स्थिर आहे असं दिसलं तर कॉलेटची पकड, बार सरकवणारं वजन किंवा हेडस्टॉकचा स्प्रिंग तपासा. तिथे बार बारीकसा घसरत असतो. क्रम माहीत नसलेल्या पन्नास जॉबमधून यातलं काहीच कळत नाही, म्हणून ट्रेचा आग्रह.

पेट्या उघडा

पेटीतल्या प्रत्येक वस्तूला सारखं मोल नाही. सगळ्यात वर अटॅचमेंट: आटे पाडायची, मागून भोक पाडायची, स्क्रूच्या डोक्याला खाच पाडायची आणि तोडलेला जॉब उचलून खाचेकडे नेणारा हात. या मशीनपरत्वे बनवलेल्या असतात. दुसऱ्या मॉडेलच्या बसत नाहीत. त्यानंतर चेंज गिअरचा पूर्ण संच. मॅन्युअलमधल्या तक्त्याशी दात मोजून जुळवा, एखादा गिअर हटकून गायब असतो. मग बुश आणि कॉलेट. कार्बाइडचा अस्तर असलेले बुश जास्त टिकतात. त्यांच्या तोंडाशी भिंगातून चिपलेली कड दिसते का बघा. कॉलेटचे जबडे सारखे उघडायला हवेत, आणि फटींत कीस अडकून ते फाकलेले नसावेत.

कॅमबद्दल माझं मत थोडं कडू आहे. दुसऱ्याच्या जॉबसाठी कापलेला कॅम तुम्हाला जसाच्या तसा क्वचितच उपयोगी पडतो. भिंतभर टांगलेले कॅम दिसायला देखणे असतात आणि विक्रेता त्यांच्यावर भाव चढवतो, पण त्यांचा खरा उपयोग नमुना म्हणून. त्यांच्याबरोबर कोणता जॉब, कोणता धातू, किती फेरे आणि लिव्हरचं प्रमाण काय हे लिहिलेला कागद असेल तर त्या संचाला अर्थ येतो. साध्या स्क्रूसाठी तेच कॅम लिव्हरचं प्रमाण बदलून पुन्हा वापरताही येतात. कागद नसेल तर न कापलेल्या कोऱ्या कॅम चकत्या त्याहून मोलाच्या. शिवाय आता कॅमचा आकार संगणकावर काढून सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंगवर कापून घेता येतो, त्यामुळे जुन्या कॅमचं दुर्मिळपण बरंच ओसरलं आहे. अटॅचमेंटचं मात्र ओसरलेलं नाही.

वीज, तेल, धोके

जुन्या मोटर बहुतेक थ्री-फेजच्या असतात. थ्री-फेज नसेल तर लहान मोटरसाठी व्हीएफडी (सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटर चालवणारं उपकरण) लावता येतो, पण मशीनमध्ये दोन-तीन मोटर, काँटॅक्टर आणि ब्रेक गुंतलेले असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला वायरिंग दाखवा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाने) तपासल्याशिवाय वीज जोडू नका.

अशा मशीनला पाण्यात मिसळायचं कूलंट घालायचा मोह टाळा. बऱ्याच जुन्या स्विस मशीनमध्ये कापण्याचं तेल आणि स्लाइडचं तेल एकमेकांत मिसळतं हे गृहीत धरूनच रचना केलेली असते. पाणी हेडस्टॉकमध्ये शिरलं की गंज आतून सुरू होतो. निव्वळ कटिंग ऑइलच वापरा. पितळ किंवा तांबं कापायचं असेल तर सक्रिय गंधक नसलेलं, नाहीतर जॉब काळे पडतात. तेलाची वाफ आणि उडणारे बारीक थेंब पेट घेऊ शकतात, म्हणून झाकण, हवा खेळती आणि जवळ अग्निशामक. जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं; कोरडं घासू नका, हवेच्या झोताने उडवू नका. मागे फिरणारा बार उघडा असेल तर तो आधी नळीत बंद करा. इमर्जन्सी स्टॉपचं बटण नसेल तर पहिल्याच दिवशी बसवा.

किंमत कशी मांडायची

एका मशीनच्या तीन किमती असतात आणि खरेदी-विक्रीतली बरीच भांडणं दोघांच्या डोक्यात वेगवेगळी किंमत असल्यामुळे होतात.

भंगाराची किंमत हा तळ: वजन गुणिले त्या दिवसाचा लोखंडाचा भाव, उणे उचलण्याचा खर्च. मशीन अपुरं असेल, स्लाइड खाल्लेल्या असतील आणि मॉडेल सर्रास मिळणारं असेल तर या तळाच्या फार वर जाऊ नका. एक अपवाद. त्याच मॉडेलचं दुसरं मशीन तुमच्याकडे चालू असेल तर हे तुमच्यासाठी सुट्या भागांची खाण आहे.

दुसरी कामाची किंमत. ती मशीनवर कमी आणि तुमच्या जॉबवर जास्त अवलंबून असते. एक ढोबळ हिशेब करू. समजा कॅम मांडणं, कापणं आणि सेटिंग मिळून १६ तास जातात. तोच जॉब सीएनसीवर लावायला २ तास. पण कॅमच्या मशीनवर जॉब १२ सेकंदांत निघतो आणि सीएनसीवर २० सेकंदांत, कारण कॅमवर अनेक हालचाली एकाच वेळी होतात आणि त्या एकमेकींसाठी थांबत नाहीत. १४ तासांचा फरक म्हणजे ५०,४०० सेकंद. दर जॉबला ८ सेकंद वाचले तर ६३०० जॉबनंतर तो भरून निघतो. तुमची ऑर्डर ५०० नगांची असेल तर हे मशीन फुकट मिळालं तरी महाग. तोच जॉब दर महिन्याला पन्नास हजार लागत असेल तर जुनं कॅमचं मशीन आजही आपली भाकरी कमावतं. तुमचे स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा, आणि त्यात एक प्रश्न मिळवा: सेटिंग करणार कोण? कॅम जाणणारा माणूस मिळत नसेल तर वरच्या सोळा तासांना काही अर्थ उरत नाही.

यातून बोली अशी काढा. त्याच मॉडेलचं, पूर्ण सामानासह, चालू मशीन काय भावाने विकलं गेलं ते आधार धरा. मागितलेला भाव धरू नका. प्रत्यक्ष सौदा झालेला भाव धरा. त्यातून हरवलेल्या प्रत्येक अटॅचमेंटची, गिअरची, बुशची किंमत वजा करा. मग दुरुस्ती, वाहतूक, वीजजोडणी. स्क्रॅपिंगची गरज असेल तर तो खर्च स्क्रॅपिंग करणाऱ्याकडूनच विचारून घ्या. अंदाजाने धरलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी निघतो. उरलेली रक्कम भंगाराच्या तळाखाली गेली तर सौदा संपला.

तिसरी संग्राहकाची किंमत. इथे नियम उलटे होतात. पट्ट्यावर चालणारं लवकरच्या काळातलं मशीन, मूळ रंग, मूळ नेमप्लेट, कारखान्याचा टेस्ट चार्ट, कोणत्या घड्याळ कारखान्यात ते राबलं याचा लेखी पुरावा, हे सगळं इथे भाव वाढवतं. नवा रंग आणि बदललेली मोटर भाव पाडतात. मूतिएमध्ये ऑटोमॅटिक लेथचं स्वतंत्र संग्रहालय आहे, यावरून या मशीनला मिळणारा मान कळावा. पण संग्राहक थोडे असतात आणि ते घाईत नसतात. विकणाऱ्याने ही किंमत धरून बसायचं असेल तर जागा आणि धीर दोन्ही हवेत.

विकणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. पेट्या वेगळ्या विकू नका. कॉलेट आणि अटॅचमेंटला सुट्यात लगेच गिऱ्हाईक मिळतं, पण मागे उरलेलं मशीन त्या क्षणी भंगाराच्या भावाला येतं. फोटो काढताना रंगरंगोटीपेक्षा उघडी पेटी, गिअरचा पूर्ण संच आणि चालू मशीनचा व्हिडिओ दाखवा.

हलवणं आणि पहिले दिवस

जागा मोजताना फक्त मशीन मोजू नका. मागे बारची नळी असते. तीन मीटरचा बार वापरायचा तर मशीनमागे तेवढी नळी आणि बार घालायला त्याच्याही मागे मोकळी जागा लागते. खोली लहान असेल तर बार कापून आखूड वापरता येतो, पण मग वाया जाणारे तुकडे वाढतात आणि कोणीतरी सारखा बार भरत बसतो.

उचलण्यापूर्वी हेडस्टॉक आणि स्लाइड पक्क्या बांधा, बारची नळी आणि बाहेर आलेले लिव्हर सोडवून ठेवा. पट्टा फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच घाला. स्पिंडल किंवा कॅमशाफ्टला पट्टा अडकवून उचललेलं मशीन वाकल्याचं बाहेरून दिसत नाही, जॉबवर दिसतं. उघड्या लोखंडाला गंजरोधक तेल लावा आणि पेट्या त्याच फेरीत न्या. ‘नंतर पाठवतो’ म्हटलेल्या पेट्या वाटेत हरवतात.

जागेवर बसवल्यावर मीटरला ०.०२ मिमी दाखवणाऱ्या लेव्हलने मशीन समतल करा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा, कारण जमीन आणि पाय दोन्ही दबतात. सगळं जुनं तेल काढा, टाकीच्या तळाचा गाळ हाताने उपसा, प्रत्येक नळीतून तेल टपकतंय हे डोळ्यांनी बघा. स्पिंडलला पातळ तेल आणि स्लाइडला जाड, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. स्लाइडवर सँडपेपर चालवू नका. गंजाचे डाग तेल आणि बारीक घासणीने निघतील तेवढेच काढा.

पहिला जॉब साधा निवडा: सहज कापल्या जाणाऱ्या पितळेची एक-दोन पायऱ्यांची पिन, आटे नाहीत, भोक नाही. दोन टूल आणि पार्टिंग, एवढंच. ती पिन क्रमाने मांडून मोजा, आकडे एका वहीत लिहा आणि त्या वहीत मशीनचा सीरियल नंबर, वापरलेले चेंज गिअर, बुशचा व्यास आणि लिव्हरचं प्रमाणही टिपा. कॅमवर जॉबचं नाव आणि तारीख कोरून घ्या, कागद त्याच पेटीत ठेवा.